चाकांवरचे स्वयंपाकघर

‘कारवाँ’ हा शब्द तुम्हांला नवा नाही. उर्दूच्या पुस्तकांत तो तुम्ही कितीदा तरी वाचला असेल. उंटांच्या पाठीवर माल लादून वाळवंटातून एकत्र प्रवास करणारे व्यापारी म्हणजे कारवाँ. रात्री हा तांडा जिथे उतरे, ती सराय. हा फारसी शब्द फिरत फिरत युरोपात गेला. इंग्रजीत तो ‘कॅरॅव्हॅन’ झाला आणि त्याचा अर्थही बदलला. लोक चाकांवरच्या घराला कॅरॅव्हॅन म्हणू लागले. पुढे याच शब्दाचा पुढचा भाग गळून पडला आणि ‘व्हॅन’ हा शब्द तयार झाला. तुमच्या शाळेच्या फाटकासमोर उभी राहणारी व्हॅन म्हणजे त्या उंटांच्या तांड्याची दूरची नातेवाईकच आहे!

इंग्लंडमध्ये ज्याला कॅरॅव्हॅन म्हणतात, त्याला अमेरिकेत ‘ट्रॅव्हल ट्रेलर’ म्हणतात. या घराला इंजिन नसते. मोटारीच्या मागे ते जोडतात आणि मोटार त्याला ओढत नेते. आत झोपायला गाद्या असतात, लहानसे न्हाणीघर असते, बसायला बाक असतात आणि एका बाजूला स्वयंपाकघर असते. सुट्टीच्या दिवसांत अमेरिकेतील कुटुंबे असे घर घेऊन जंगलात, तळ्याकाठी किंवा डोंगरात जातात. तिथे चार दिवस राहतात आणि पुढच्या मुक्कामाला निघतात. या लहानशा घरातील स्वयंपाकघराविषयी आज आपण माहिती घेऊ.

ट्रेलर बनवणारे वॉली बायम नावाचे एक प्रसिद्ध गृहस्थ अमेरिकेत होऊन गेले. १९३० नंतरच्या काळात त्यांनी ‘एअरस्ट्रीम’ या नावाचे, अ‍ॅल्युमिनियमच्या चकचकीत पत्र्याचे ट्रेलर तयार केले. त्यांना तंबू ठोकून रानात राहण्याची भारी हौस होती. पण त्यांच्या पत्नीने सांगितले, की स्वयंपाकघर बरोबर नसेल तर मी येणार नाही. मग त्यांनी चाकांवरच घर बांधायला घेतले, असे सांगतात. ही गोष्ट मला पटते. जमिनीवर झोपण्याची हौस दोन दिवसांत फिटते; भूक मात्र रोज वेळेवर येते. याच बायम यांनी १९५९ मध्ये चाळीस-एक ट्रेलरांचा तांडा घेऊन आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळच्या केपटाउनहून प्रवास सुरू केला आणि १९६० मध्ये तो तांडा इजिप्तमधील कैरो शहरी पोहोचला. ‘कारवाँ’ शब्दाला त्याचा जुना अर्थ पुन्हा मिळाला.

पण चालते स्वयंपाकघर ट्रेलरच्याही आधीचे आहे. अमेरिकेत १८६५ मध्ये यादवी युद्ध संपले. त्यानंतर टेक्सासमधील गुराखी हजारो गुरे हाकत शेकडो मैल दूर नेऊ लागले. या प्रवासाला महिनेच्या महिने लागत. एवढ्या माणसांना जेवायला कसे घालायचे? चार्ल्स गुडनाइट नावाच्या पशुपालकाने १८६६ मध्ये यावर उपाय काढला. त्याने सैन्याची एक जुनी घोडागाडी घेतली आणि तिच्या मागच्या बाजूला एक मोठी लाकडी पेटी बसवली. पेटीत लहान-मोठे कप्पे होते. त्यांत पीठ, कॉफी, साखर, वाळलेल्या शेंगांचे दाणे, मीठ आणि औषधेही ठेवत. पेटीचे झाकण बिजागरीवर खाली पाडले, की त्याचेच टेबल होई. गाडीच्या बगलेला पाण्याचे पिंप असे. गाडीच्या खाली एक कातडे झोळीसारखे बांधलेले असे आणि वाटेत मिळेल ते जळण त्यात टाकत. त्या मैदानी प्रदेशात झाडे कमी. त्यामुळे या झोळीत लाकडांबरोबर वाळलेले शेणही गोळा करत. आपल्याकडच्या गोवऱ्यांची आठवण झाली ना? या गाडीला ‘चकवॅगन’ म्हणत. रात्री झोपण्यापूर्वी गाडीचा दांडा ध्रुवताऱ्याच्या दिशेने वळवून ठेवणे, हेही स्वयंपाक्याचेच काम होते. त्यामुळे सकाळी आभाळ भरलेले असले, तरी दिशा चुकत नसे.

आजही अमेरिकेत एक प्रकारचा लहान ट्रेलर मिळतो. त्याचा आकार अश्रूच्या थेंबासारखा असतो. त्याचे मागचे झाकण वर उचलले, की आत शेगडी, कप्पे आणि ओटा दिसतो. स्वयंपाक करणारा माणूस बाहेर, मोकळ्या हवेत उभा राहतो. गुडनाइटची पेटीच जणू पुन्हा आली.

आता मोठ्या ट्रेलरच्या आत जाऊ. आपल्या घरी नळ सोडला की पाणी येते. गॅस संपला की दुसरा सिलिंडर येतो. हवेचा तर आपण विचारही करत नाही. ट्रेलरमध्ये पाणी, जळण, अन्न आणि भांडी, सगळेच बरोबर न्यावे लागते आणि जागा एवढीशी. म्हणून तिथल्या स्वयंपाकाला चवीइतकीच हिशेबाचीही गरज असते.

पहिला हिशेब वजनाचा. ट्रेलरमध्ये स्वच्छ पाण्याची टाकी असते. समजा, तिच्यात १५० लीटर पाणी मावते. एक लीटर पाण्याचे वजन एक किलो. म्हणजे नुसत्या पाण्याचे दीडशे किलो झाले! त्यात डबाबंद अन्न, बिडाची भांडी, पीठ, तांदूळ यांची भर पडते. हे वजन किती आहे, एवढेच पाहून भागत नाही. ते कुठे ठेवले आहे, हेही पाहावे लागते. ट्रेलरच्या एकूण वजनापैकी साधारण १० ते १५ टक्के भार पुढच्या दांड्यावर, म्हणजे मोटारीच्या बाजूला पडावा, असा नियम आहे. जड डबे मागच्या टोकाला रचले, तर दांड्यावरचा भार कमी होतो. मग वेगात असताना ट्रेलरचे शेपूट डावी-उजवीकडे झोके घेऊ लागते. हे झोके वाढले, तर ट्रेलर मोटारीलाही घेऊन उलटतो. म्हणून जड वस्तू खाली, चाकांच्या जवळ किंवा किंचित पुढे ठेवतात. वरच्या फडताळात हलक्या वस्तू ठेवतात. कपबश्या प्लॅस्टिकच्या असतात, पातेली एकात एक बसणारी असतात आणि प्रत्येक दाराला खिट्टी असते.

दुसरा हिशेब जळणाचा आणि हवेचा. हा जरा नीट समजून घ्या, कारण यात चूक झाली तर ती जिवावर बेतते.

ट्रेलरची शेगडी गॅसवर चालते. आपल्या घरी येणाऱ्या सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन या दोन वायूंचे मिश्रण असते. अमेरिकेतील ट्रेलरमध्ये प्रोपेन वापरतात. असे का? ब्युटेनचा द्रव शून्य अंश सेल्सियसच्या आसपास उकळतो. प्रोपेनचा द्रव उणे ४२ अंशांवरच उकळतो. टाकीतील द्रवाचा वायू झाला, तरच तो शेगडीपर्यंत येणार. डोंगरात पहाटे बर्फ पडले असेल, तर ब्युटेन टाकीत द्रव म्हणूनच पडून राहतो. प्रोपेनला त्या थंडीचे काही वाटत नाही. आपल्याकडे एवढी थंडी बहुतेक ठिकाणी नसते, म्हणून मिश्रण चालते.

प्रोपेनच्या टाक्या कधीही घराच्या आत ठेवत नाहीत. त्या ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावर, उघड्या हवेत बसवलेल्या असतात. तिथून नळी शेगडीपर्यंत येते. प्रोपेन हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असतो. गळती झाली तर तो वर उडून जात नाही. तो पाण्यासारखा जमिनीलगत साचत जातो. म्हणून गॅसची सूचना देणारा भोंगा जमिनीपासून थोड्याच उंचीवर बसवतात. खरे तर प्रोपेनला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून कारखान्यात त्यात एथिल मरकॅप्टन नावाचा उग्र वासाचा पदार्थ मुद्दाम मिसळतात. तुमच्या घरच्या गॅसलाही अशाच मिसळलेल्या पदार्थाचा वास येतो. हा वास आला तर काय करायचे, ते घरी आणि ट्रेलरमध्ये सारखेच आहे. जळती वस्तू विझवायची, विजेच्या कोणत्याही बटणाला हात लावायचा नाही, दारे-खिडक्या उघडून सर्वांना बाहेर काढायचे आणि टाकीचा कॉक बंद करायचा. गळती शोधायची असेल तर नळीच्या जोडांना साबणाचा फेस लावतात. बुडबुडे आले, की तिथे गळती आहे असे समजावे. काडी ओढून गळती शोधणारे महाभागही असतात. त्यांच्याजवळ उभे राहू नका.

गॅस गळला तर वास तरी येतो. पण आणखी एक वायू आहे. त्याला वास नाही, रंग नाही, चवही नाही. त्याचे नाव कार्बन मोनॉक्साइड.

कोणतीही वस्तू जळायला ऑक्सिजन लागतो, हे तुम्ही विज्ञानात शिकला आहात. एक लीटर प्रोपेन वायू पूर्ण जळायला पाच लीटर ऑक्सिजन, म्हणजे सुमारे चोवीस लीटर हवा लागते. मोठ्या घरात ही हवा कमी पडत नाही. ट्रेलर म्हणजे मात्र चाकांवरची बंद पेटी. थंडी आत येऊ नये म्हणून तिच्या फटीसुद्धा बुजवलेल्या असतात. दारे-खिडक्या लावून शेगडी बराच वेळ चालू ठेवली, तर आतील ऑक्सिजन कमी होऊ लागतो. मग गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेते. पण कार्बन मोनॉक्साइड त्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. एकदा तो चिकटला, की ऑक्सिजनला जागा राहत नाही. आधी डोके दुखते, गरगरते, मळमळते. माणसाला वाटते, प्रवासाचा थकवा असेल, जरा पडून राहावे. तो झोपतो आणि पुन्हा उठत नाही.

म्हणून ट्रेलरच्या शेगडीजवळ एक सूचना लिहिलेली असते, की या शेगडीचा उपयोग खोली गरम करण्यासाठी करू नये. स्वयंपाक करताना छतावरचा झरोका उघडतात किंवा धूर बाहेर फेकणारा पंखा लावतात, आणि एक खिडकीही थोडी उघडी ठेवतात. नुसता झरोका उघडून उपयोग नाही. बाहेरची हवा आत यायलाही वाट हवी. खोली उबदार करण्यासाठी ट्रेलरमध्ये वेगळी भट्टी असते. ती जळण्यासाठी लागणारी हवा बाहेरून घेते आणि धूरही बाहेरच सोडते. शेगडी मात्र आपण ज्या हवेत श्वास घेतो, तीच हवा खाते. हा फरक लक्षात ठेवा. शेगडीची ज्योत निळी असेल तर ठीक. ती पिवळी होऊन भांड्याला काजळी धरू लागली, तर हवा कमी पडते आहे किंवा बर्नर साफ करायला हवा, असे समजावे.

कोळशाचा धोका तर याहून मोठा. कोळशाचे निखारे वरून राखाडी आणि शांत दिसतात, पण विझता विझताही ते कार्बन मोनॉक्साइड सोडत राहतात. रात्री थंडी वाजते म्हणून बाहेरच्या चुलीतले निखारे तंबूत किंवा ट्रेलरमध्ये आणून ठेवल्यामुळे माणसे झोपेत दगावली आहेत. आपल्या देशातही हिवाळ्यात बंद खोलीत अंगीठी पेटवून झोपल्यामुळे अशी दुर्घटना घडल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत येतात. ट्रेलर तुम्ही कधी पाहाल किंवा न पाहाल, पण अंगीठी तुमच्या शेजारीपाजारी असेल. तेव्हा ही गोष्ट घरी सर्वांना सांगा.

गॅसची ज्योत ट्रेलरमध्ये आणखी एक काम करते आणि ते ऐकून तुम्हांला नवल वाटेल. ती अन्न गार ठेवते! आगीने थंडावा कसा मिळेल? यासाठी आपला मातीचा माठ आठवा. माठातून झिरपणारे पाणी वाफ होऊन उडते आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. द्रवाचा वायू होताना तो आजूबाजूची उष्णता शोषून घेतो, हा निसर्गाचा नियम आहे. स्वीडनमधील बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन तरुण विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये या नियमाचा उपयोग करून एक शीतकपाट तयार केले. त्यात अमोनिया पाण्यात विरघळवलेला असतो. खाली लहानशी ज्योत असते. उष्णतेने अमोनिया पाण्यातून सुटून वर जातो. वरच्या नळ्यांमध्ये तो आपली उष्णता बाहेरच्या हवेला देऊन द्रव होतो. मग तो कपाटाच्या आतील नळ्यांत उतरतो. तिथे हायड्रोजन वायू भरलेला असतो. त्याच्या सान्निध्यात अमोनियाची झपाट्याने वाफ होते आणि कपाटातील उष्णता शोषली जाते. नंतर अमोनिया पुन्हा पाण्यात विरघळतो आणि हे चक्र चालू राहते. यात मोटार नाही, पंप नाही, आवाजही नाही.

या कपाटाचा एक हट्ट मात्र असतो. आतील द्रव स्वतःच्या वजनाने उतारावरून वाहतो, म्हणून कपाट सरळ उभे असावे लागते. ट्रेलर तिरका उभा केला, तर कपाट गार होत नाही आणि ते बिघडूही शकते. त्यामुळे मुक्कामाला पोहोचल्यावर पाणसळ लावून ट्रेलर समतल करणे हे पहिले काम. आता बॅटरीवर चालणारी शीतकपाटे पुष्कळ ट्रेलरमध्ये आली आहेत. त्यांना हा त्रास कमी होतो, पण बॅटरी भरण्याची चिंता करावी लागते.

अन्न गार ठेवण्याची एवढी काळजी कशासाठी? ४ ते ६० अंश सेल्सियस या दरम्यानच्या तापमानात अन्नातील रोगजंतू झपाट्याने वाढतात. शिजवलेले मांस, दूध, भात या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त राहू नये. उन्हाळ्यात हवाच ३२ अंशांच्या वर गेली, तर एक तासच पुरे. जंगलात पोट बिघडले तर दवाखाना जवळ नसतो. म्हणून जाणती माणसे मांस घरीच गोठवून घेतात. ते हळूहळू वितळते आणि तोवर बर्फाचेही काम करते.

आता बाहेर येऊ. ट्रेलरमध्ये शेगडी असली, तरी संध्याकाळचा स्वयंपाक बहुतेक जण बाहेरच करतात. आत वास कोंडत नाही, भिंती ओल्या होत नाहीत. (एक किलो प्रोपेन जळला, की दीड किलोहून अधिक पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. थंडीत हीच वाफ भिंतींवर दव होऊन उतरते.) बाहेरच्या स्वयंपाकातील एक जुने भांडे म्हणजे ‘डच ओव्हन’. इंग्लंडमध्ये अब्राहम डार्बी यांनी १७०७ मध्ये वाळूच्या साच्यात लोखंडी भांडी ओतण्याच्या पद्धतीचा हक्क मिळवला. तेव्हापासून अशी बिडाची भांडी स्वस्त झाली. डच ओव्हन हे जाड बिडाचे, तीन पायांचे पातेले असते. त्याच्या झाकणाला चारही बाजूंनी उभी कड असते. ही कड कशासाठी? झाकणावर ठेवलेले निखारे घसरू नयेत म्हणून.

झाकणावर निखारे! हे वाचताच तुम्हांला बिर्याणीची डेग आठवली असेल. आपल्याकडे दम देताना डेगेचे झाकण मळलेल्या कणकेने बंद करतात आणि वर निखारे ठेवतात. खालून आणि वरून मंद आंच लागते, वाफ आतच कोंडते आणि तांदूळ मोकळा शिजतो. डच ओव्हनची रीत हीच आहे. तिथे कणीक लावत नाहीत. जड झाकणच वाफ धरून ठेवते. निखारे किती ठेवायचे, याचा अमेरिकन लोकांनी एक सोपा नियम केला आहे. भांड्याचा व्यास जितके इंच, त्यात तीन मिळवायचे, तितके कोळशाचे गोळे झाकणावर. आणि तीन वजा करायचे, तितके भांड्याखाली. भांडे १२ इंचांचे असेल, तर वर १५ आणि खाली ९. यामुळे आत साधारण १७५ अंश सेल्सियस उष्णता मिळते. खाली कमी का? कारण तळ अन्नाला चिकटलेला असतो आणि वर थोडी पोकळी असते. दर पंधरा मिनिटांनी भांडे एका दिशेने आणि झाकण दुसऱ्या दिशेने पाव फेरा फिरवतात, म्हणजे एकाच जागी करपत नाही. यात पाव भाजतात, फळांची गोड खीरपुरीसारखी पक्वान्नेही करतात. आपल्या घरातील बावर्ची गोळे मोजत बसत नाही. झाकणाजवळ कान नेऊन आतला आवाज ऐकतो आणि आंच ओळखतो. दोन्ही रीती चांगल्या. पण शिकणाऱ्याला मोजणे सोपे जाते.

या भांड्याचे वजन आठ-नऊ किलो भरते. वजनाचा हिशेब आठवतो ना? म्हणून डच ओव्हन घेतले, की लोक दुसरी दोन-तीन भांडी घरी ठेवतात.

जेवणात काय असते, ते थोडक्यात सांगतो. सकाळी ओटची लापशी, अंडी किंवा पॅनकेक, म्हणजे तव्यावरची जाडसर गोड धिरडी. दुपारी प्रवासात पावाचे काप आणि आत भाजी किंवा मांस. रात्री एखादा एकाच भांड्यात होणारा पदार्थ. त्यात ‘चिली’ सर्वांच्या आवडीची. राजमा, खिमा, टोमॅटो, कांदा आणि लाल मिरची एकत्र शिजवतात. आपल्याला परकी वाटावी अशी ही चव नाही. बटाटा, गाजर, कांदा आणि मांसाचे तुकडे अ‍ॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून निखाऱ्यांवर भाजतात. त्याला भांडेच लागत नाही. मुले रात्री शेकोटीभोवती बसून काडीला मार्शमेलो नावाची मऊ मिठाई खोचून भाजतात. तिच्यात बहुधा प्राण्यांपासून केलेले जिलेटिन असते, म्हणून ज्यांना ते चालत नाही ते आधी पुडक्यावरचा मजकूर वाचून घेतात.

राजमा कोरडा न्यायचा की डब्यातला? हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. कोरडा राजमा हलका असतो, पण त्याला भिजवायला पाणी आणि शिजवायला खूप गॅस लागतो. डब्यातला तयार असतो, पण जड असतो. डोंगरावर तर आणखी एक अडचण येते. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांवर उकळते. दर ३०० मीटर चढावर हा अंक साधारण एक अंशाने उतरतो. अमेरिकेच्या रॉकी पर्वतात ३००० मीटर उंचीवर पाणी ९० अंशांच्या आसपासच उकळू लागते. पाणी खळखळते, पण राजमा शिजत नाही! चार्ल्स डार्विन १८३५ मध्ये दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वत ओलांडत होते, तेव्हा त्यांच्या सोबत्यांनी रात्रभर बटाटे उकळले. सकाळीही ते कच्चेच होते. सोबत्यांनी सारा दोष नव्या भांड्याला दिला. खरा दोष हवेच्या कमी दाबाचा होता. यावर उपाय म्हणजे आपला रोजचा कुकर. फ्रान्सच्या डनी पापँ यांनी १६७९ मध्ये वाफ कोंडून शिजवण्याचे असे भांडे करून दाखवले होते. कुकर असेल तर कोरडा राजमा न्यावा, नसेल तर डबा बरा, असे माझे मत आहे. आणि खरे सांगायचे, तर कुकरमधील मुगाच्या डाळीची खिचडी या सर्वांना मागे टाकते. एक भांडे, थोडे पाणी, थोडा गॅस आणि लहानमोठ्या सर्वांचे पोट भरते.

पाण्याचा हिशेब टँकरची वाट पाहणाऱ्या वस्तीतल्या मुलांना समजावून सांगायला नको. १५० लीटर पाणी चार माणसांना पाच दिवस पुरवायचे, तर रोज सर्वांना मिळून ३० लीटर. त्यातच पिणे, आंघोळ आणि भांडी. म्हणून ताटे आधी कागदाने पुसून घेतात आणि मग दोन टबांत धुतात. धुतलेले सांडपाणी जमिनीवर ओतत नाहीत. त्यासाठी ट्रेलरच्या खाली दुसरी टाकी असते आणि शौचालयासाठी तिसरी. ती ठरलेल्या जागीच रिकामी करतात. महाराष्ट्र शासनानेही २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण ठरवले. उद्या आपल्या किल्ल्यांजवळ आणि समुद्रकिनाऱ्यांवर अशी घरे येऊन उभी राहतील, तेव्हा तिथल्या गावांनी पहिला प्रश्न याच टाक्यांविषयी विचारायला हवा.

जेवण झाले, तरी अमेरिकेच्या जंगलात काम संपत नाही. यलोस्टोन हे राष्ट्रीय उद्यान १८७२ मध्ये स्थापन झाले. तिथे ग्रिझली जातीची मोठी अस्वले आहेत. त्या उद्यानात फिशिंग ब्रिज नावाची ट्रेलर उभे करण्याची जागा आहे. तिथे कठीण भिंतींच्या ट्रेलरलाच परवानगी मिळते. कापडी भिंतींच्या ट्रेलरला आणि तंबूला मिळत नाही. अस्वलाचे नाक फार तीक्ष्ण असते. बाहेर राहिलेले खरकटे पातेले, तेलाची बाटली, एवढेच काय, भांडी पुसण्याचे ओले फडके त्याला बोलावून आणते. ज्या अस्वलाला माणसांचे अन्न खाण्याची सवय लागते, ते पुन्हा पुन्हा येते आणि शेवटी अनेकदा त्यालाच मारावे लागते. तेव्हा जेवणे उरकताच शेगडी, टेबल, डबे, सारे पुसून आत न्यायचे, अशी तिथे शिस्त आहे.

सकाळी निघण्यापूर्वी स्वयंपाक करणाऱ्याची एक फेरी होते. निखारे पाणी ओतून आणि ढवळून पुरते गार झाले आहेत, हे हात जवळ नेऊन पाहायचे. शेगडीवर झाकण टाकायचे. फडताळांच्या खिट्ट्या लावायच्या. छतावरचा झरोका मिटायचा. शीतकपाटाची ज्योत बंद करून गॅसच्या टाक्यांचे कॉक फिरवायचे, कारण पेट्रोल पंपावर कोणतीही ज्योत चालत नाही आणि बाल्टिमोरसारख्या शहरातील बंदराखालच्या बोगद्यांतून ठरावीक मर्यादेपेक्षा मोठी गॅसची टाकी नेताच येत नाही. मग अंड्यांचा ट्रे बाकावरच्या गादीवर, उशांच्या मध्ये नीट बसवायचा आणि मोटार चालवणाऱ्याला हात करायचा.